भरड भुशाची फळी आणि दोन पावसाळे

अमळनेर तालुक्यातल्या एका शाळेच्या आवारात बारा बाकं आहेत. लोखंडी सांगाडा आणि त्यावर लाकूड-प्लास्टिकच्या फळ्या. बसवली तेव्हा सगळ्या फळ्या एकाच गडद तपकिरी रंगाच्या होत्या. दोन पावसाळे होऊन गेल्यावर ऑक्टोबरात मी पाहायला गेले, तर एकाच बाकावर शेजारी शेजारी दोन जातींच्या फळ्या दिसत होत्या. एक फिकी पडलेली, पण सरळ आणि बऱ्यापैकी गुळगुळीत. दुसरी राखाडी-पांढरी, तळहात फिरवला तर खरखरीत, कडांना आणि टोकांना फुगलेली. शाळेचे शिपाई आप्पा सोबत होते. त्यांनी त्या दुसऱ्या फळीच्या टोकावर अंगठा दाबला आणि म्हणाले, "ताई, हाई फळी फुगी गयी." मग शेजारची फळी दाखवून विचारलं की एकाच गाडीतून आलेल्या फळ्या, मग हिला काही नाही आणि तिलाच का?

मी जळगावात प्लास्टिकच्या छोट्या कारखान्यांना प्रक्रियेबद्दल सल्ला देते. या फळ्या ज्यांनी केल्या त्या मालकांना कारखान्यात सगळे दादा म्हणतात. शाळेची तक्रार आली तेव्हा त्यांनी ती दाबली नाही, थेट मला फोन केला आणि मालाची वही पुढे ठेवली. त्या वहीमुळेच हे प्रकरण उलगडलं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

फळीत काय होतं

वहीप्रमाणे १०० किलो मालात ६० किलो लाकडाचं पीठ, उरलेल्यात मुख्यतः पुनर्वापराचा एचडीपीई दाणा (एचडीपीई म्हणजे बादल्या-कॅनचं प्लास्टिक), वंगण म्हणून थोडं झिंक स्टिअरेट आणि तपकिरी मास्टरबॅच, म्हणजे रंगाचा दाणा. लाकूड आसपासच्या आरागिरण्यांवरचं, म्हणजे सागवान, बाभूळ, निंब, त्या आठवड्यात जे कापलं गेलं ते. भुसा वाळवायचा, दळायचा, दाण्यात मिसळायचा आणि जुळ्या स्क्रूच्या एक्स्ट्रूडरमधून, म्हणजे माल वितळवून दाबाने पुढे ढकलणाऱ्या यंत्रातून, काढायचा. तापमान २०० अंशांच्या खाली ठेवावं लागतं, नाहीतर लाकूड करपायला लागतं. डायमधून, म्हणजे यंत्राच्या तोंडावरच्या साच्यातून, निघालेली फळी पाण्यात थंड झाली की वरची बाजू सँडिंगच्या पट्ट्यावर घासायची, म्हणजे लाकडासारखा पोत येतो.

६० ला ४० हे वजनाचं प्रमाण आहे आणि ते फसवं आहे. लाकूड हलकं असतं ते त्याच्या पोकळ्यांमुळे. एक्स्ट्रूडरच्या दाबाखाली त्या पोकळ्या चेपल्या जातात आणि लाकडाची घनता लिटरला १.४ किलोच्या आसपास जाते. एचडीपीईची घनता ०.९५ धरली, तर ६० किलो लाकूड सुमारे ४३ लिटर जागा घेतं आणि ४० किलो प्लास्टिक ४२ लिटर. म्हणजे निम्मी फळी लाकडाची आहे. प्रत्येक कणाभोवती प्लास्टिकचं वेष्टण असावं अशी या मालामागची कल्पना. निम्म्या-निम्म्यात ते जमत नाही. कण एकमेकांना टेकतात आणि फळीच्या एका बाजूपासून आतपर्यंत लाकडाची साखळी तयार होते.

चाळणी फाटली तो दिवस

ऑर्डर निम्मी झाली असताना पल्व्हरायझरची, म्हणजे भुसा दळायच्या यंत्राची, ८० मेशची जाळी फाटली. हाताशी २० मेशची होती, ती लावली. मेश म्हणजे एका इंचात जाळीची किती भोकं, हे कारखान्यात सगळ्यांना माहीत असतं, पण आकडा उलटा चालतो हे विसरायला होतं: ८० मेशमधून सुमारे १८० मायक्रॉनपर्यंतचा कण जातो, २० मेशमधून ८४० मायक्रॉनपर्यंतचा. मायक्रॉन हा मिलीमीटरचा हजारावा भाग, म्हणजे भरड कण जवळजवळ मिलीमीटरभर. असा एक कण दळून १८० चे कण केले तर शंभराच्या आसपास होतील.

तात्पुरती म्हणून लावलेली जाळी तशीच राहिली, कारण तिने सगळ्यांचं काम सोपं केलं. दळणाचा वेग वाढला, मोटरवरचा भार कमी झाला, बारीक पीठ हॉपरमध्ये, म्हणजे माल ओतायच्या नरसाळ्यात, अडकून बसायचं ते थांबलं. शिवाय फळी वाकायला कमी लागली. आमच्याकडे याला फार महत्त्व आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो, आणि उन्हातल्या गडद फळीवर तर हात ठेववत नाही. तेवढ्या उष्णतेत एचडीपीई मऊ पडतं आणि दोन आधारांमधली फळी महिन्याभरात झोळ धरते. आदल्या वर्षी बारीक पिठाच्या फळ्यांची तीच तक्रार होती. दादांनी मला दोन्ही फळ्या आडव्या ठेवून मधोमध सारखं वजन टांगून दाखवलं. भरड भुशाची फळी खरोखर कमी वाकली.

यात नवल नाही. भरड कण बहुधा लांबट असतो, काडीसारखा, आणि लांबट कण प्लास्टिककडून आलेला ताण स्वतःवर घेतो. खूप बारीक दळलं की काडीची पूड होते, मग लाकूड बळकटी देत नाही, फक्त जागा भरतं. अमेरिकेत मॅडिसनच्या वनउत्पादन प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात पॉलिप्रॉपिलीन आणि लाकडाच्या पिठावर कणांच्या आकाराचं बारकाईनं काम झालं. त्यातली एक गोष्ट मला नेहमी उपयोगी पडते. कण मोठा केला की खाच पाडलेल्या नमुन्याची आघात सोसण्याची ताकद वाढते आणि खाच नसलेल्याची घटते. आधीच असलेल्या भेगेला मोठ्या कणाला वळसा घालून जावं लागतं, पण जिथे भेग नाही तिथे तोच मोठा कण भेगेची सुरुवात होतो. त्याच प्रयोगशाळेच्या पुढच्या कामात असंही दिसलं की ताकद आणि ताठरपणा यांच्यासाठी कणाच्या नुसत्या आकारापेक्षा त्याची लांबी-जाडीचं गुणोत्तर जास्त महत्त्वाचं.

म्हणजे दादांचा निर्णय आंधळा नव्हता. त्यांनी चाचणीही घेतली होती. भरड आणि बारीक, दोन्ही फळ्यांचे तुकडे मार्चपासून मेअखेरपर्यंत कारखान्याच्या गच्चीवर ठेवले. दोन्हींचा रंग थोडा उतरला, बाकी काही झालं नाही. पहिल्या पावसाआधी तुकडे खाली आणले आणि माल पाठवला.

शाळेतली तीन बाकं

मी बारापैकी सगळी बाकं पाहिली, पण उत्तर तिघांनी दिलं.

पहिलं बाक पूर्वेकडच्या व्हरांड्याच्या कडेला होतं. सकाळचं ऊन त्यावर थेट पडतं, पण आपला पाऊस नैऋत्येकडून येतो, त्यामुळे इमारतीआड ते कोरडं राहतं. तिथल्या फळ्या पांढुरक्या झाल्या होत्या, तरी भरड आणि बारीक यांत हाताला फारसा फरक लागत नव्हता. फुगवटा अजिबात नाही.

दुसरं बाक पाण्याच्या टाकीजवळ, दाट निंबाखाली. मुलं हात धुताना पाणी सांडतात, ते वर्षभर ओलं. ऊन जवळजवळ नाही. इथे तपकिरी रंग बराच टिकला होता, पण भरड फळ्या टोकांना फुगल्या होत्या आणि त्यांवर बुरशीचे काळे ठिपके होते.

तिसरं उघड्या मैदानात, ऊन आणि पाऊस दोन्ही घेणारं. सगळ्यात वाईट अवस्था त्याची होती. भरड फळीवर कण सुटून उभे राहिले होते, नखाने उचकटता येत होते. भिंगातून पाहिलं तर जवळजवळ प्रत्येक मोठ्या कणाभोवती केसाएवढी भेग. त्याच बाकावरची बारीक पिठाची फळी फिकी होती, बोटाला थोडी खडूसारखी पूड लागत होती, पण भेगा शोधाव्या लागल्या. बाकाखालच्या सिमेंटवर पहिल्या पावसातले चहासारखे डाग अजून होते. लाकडातले, विशेषतः बाभळीचे, पाण्यात विरघळणारे रंग असे बाहेर येतात.

मी बाटलीच्या झाकणाने तिसऱ्या बाकाच्या भरड फळीवर पाण्याचा थेंब टाकला. वरच्या बाजूला तो लगेच पसरून मुरला. फळी काढून उलटी केली, खालच्या तपकिरी बाजूवर थेंब टाकला, तर तो गोल राहिला. हा प्रयोग आप्पांनी नंतर स्वतः सगळ्या बाकांवर केला आणि कोणती फळी कोणत्या घाणीतली, म्हणजे कोणत्या दळणातली, हे त्यांनी वहीशिवाय बरोबर ओळखलं.

ऊन किती खोल जातं

उन्हातले अतिनील किरण लाकडातल्या लिग्निनला तोडतात. लिग्निन म्हणजे लाकडाच्या तंतूंना बांधून ठेवणारा चिकट भाग, लाकडाचा साधारण चौथा हिस्सा. तो तुटला की त्याचे पाण्यात विरघळणारे तुकडे होतात आणि मागे उरतो तो पांढुरका, पाणी ओढणारा सेल्युलोज. फळी पांढरी दिसते ती यामुळेच. प्लास्टिकही सुटत नाही: एचडीपीईच्या लांब साखळ्या तुटतात, पृष्ठभाग ठिसूळ होतो, त्यावर सूक्ष्म भेगा येतात. पुनर्वापराच्या दाण्यात आधीचं संरक्षक द्रव्य बऱ्याचदा खर्ची पडलेलं असतं, म्हणून तिथे हे लवकर होतं.

पण लाकडात अतिनील किरण ७५ मायक्रॉनच्या पलीकडे फारसे जात नाहीत. २५ मिलीमीटर जाडीच्या फळीत ही कागदाएवढी खोली झाली. नुसतं ऊन असेल तर तुटलेलं लिग्निन जागच्या जागी पडून राहतं. व्हरांड्यातल्या बाकाचं आणि गच्चीवरच्या तुकड्यांचं तेच झालं होतं.

पाणी आलं की चित्र बदलतं. ते तुटलेलं लिग्निन धुऊन नेतं आणि उन्हाला खालचा ताजा थर मोकळा करून देतं. शिवाय लाकडाचा कण पाण्याने फुगतो, प्लास्टिक फुगत नाही. फुगणारा कण भोवतीच्या प्लास्टिकला आतून रेटतो, तिथे भेग पडते. मग ऊन पडतं, कण आकसतो आणि त्याच्याभोवती फट राहते. पुढच्या सरीचं पाणी त्या फटीतून आत जातं. खानदेशातल्या कोणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा आणि पावसात फुगणारी माती आपण जन्मापासून पाहतो. फरक एवढाच की पावसाळ्यात जमीन मिटते, फळीची भेग मिटत नाही.

आता कणाचा आकार इथे आणून ठेवा. ऊन ७५ मायक्रॉनवर थांबतं. पृष्ठभागावर डोकं काढून बसलेला १८० मायक्रॉनचा कण फार तर १८० मायक्रॉन खोल पोचतो, आणि खाली त्याला प्लास्टिकने अडवलेलं असण्याची शक्यता बरी असते. ८४० मायक्रॉनचा कण मात्र जवळजवळ मिलीमीटरभर आत गेलेला असतो. त्याचं उन्हातलं टोक ओलं झालं की आतलं टोकही ओलं होतं, कारण लाकडातल्या बारीक नळ्या मुळात झाडात पाणी वाहून नेणाऱ्याच. त्याच्या खाली दुसरा भरड कण टेकलेला असेल तर पाण्याचा रस्ता पुढे चालू. मोठा कण एकूण फुगतोही जास्त, म्हणून त्याच्याभोवतीची भेग मोठी. ऊन जिथे पोचू शकत नाही तिथपर्यंत पाणी असं जातं.

त्यात सँडिंगने भर घातली. एक्स्ट्रूडरमधून निघालेल्या फळीवर प्लास्टिकची पातळ साय असते आणि कण तिच्याखाली झाकलेले असतात. पोत आणण्यासाठी आपण तीच घासून टाकत होतो. कापलेली टोकं तर पूर्ण उघडी. फुगवटा टोकांपासून सुरू झाला तो त्यामुळे.

चोवीस तासांची चाचणी

दादांकडे पाणी शोषण्याचा एक अहवाल होता. तुकडा २४ तास पाण्यात, आणि निकाल उत्तम. मी तो खोटा म्हणत नाही. या मालात पाणी फार हळू शिरतं, जाड फळी भरायला आठवडे नव्हे, महिने लागतात. चोवीस तासांत भरड आणि बारीक यांच्यातला फरक तोलकाट्यावर जेमतेम दिसला. म्हणून आम्ही न वापरलेले तुकडे सहा आठवडे बादलीत ठेवले आणि दर सोमवारी पुसून वजन आणि व्हर्नियरने टोकाची जाडी घेतली. तिसऱ्या आठवड्यापासून भरड तुकडे वेगळे पडले. सहा आठवड्यांनी उन्हात पूर्ण वाळवल्यावर बारीक तुकडा जवळजवळ मूळ जाडीवर आला, भरड आला नाही. कण आकसले होते, पण प्लास्टिकपासून सुटलेले होते.

मार्चमध्ये गच्चीवर दोन रॅक लावले, दक्षिणेकडे तोंड करून २१ अंशांच्या उतारावर, कारण जळगावचं अक्षांश तेवढंच. दोन्हींवर तेच तुकडे. एका रॅकवर ऑपरेटरने रोज तीन वेळा पाइपने पाणी मारायचं, दुसरा कोरडा. मेअखेरीस कोरड्या रॅकवरचे भरड आणि बारीक तुकडे एकमेकांशेजारी ठेवले, तर दादांना कोणता कोणता ते सांगता आलं नाही. ओल्या रॅकवर अगदी लांबून सांगता येत होतं. माल पाठवण्याआधीची त्यांची गच्चीवरची चाचणी म्हणजे हा कोरडा रॅक होता. तो दिवस दादांना जड गेला. आपण प्रामाणिकपणे चाचणी घेतली आणि तरी चुकलो, हे पचवणं सोपं नसतं.

दुरुस्ती, आणि तिच्यातली एक चूक

चूक माझी होती, ती आधी सांगते. लाकूड आणि प्लास्टिक एकमेकांना धरत नाहीत. एकाला पाणी आवडतं, दुसऱ्याला नाही. दोघांना जोडायला मॅलेइक अनहायड्राइड बसवलेलं पॉलिएथिलीन थोड्या प्रमाणात टाकतात. मी ते सुचवलं, दादांनी महागडं असूनही आणलं, आणि पहिल्या घाणीत काहीच फरक पडला नाही. कारण मालात झिंक स्टिअरेट तसंच होतं. असं धातूचं वंगण त्या जोडद्रव्यालाच गाठतं आणि ते लाकडाला धरायला मोकळं राहत नाही. हे मला आधी लक्षात यायला हवं होतं. धातू नसलेलं वंगण वापरल्यावर, तीच चाळणी आणि तेच पीठ असूनही, बादलीतले तुकडे स्पष्टपणे कमी फुगले.

चाळणीचा निर्णय मात्र वाद घालून झाला. पुन्हा ८० मेशवर गेलो तर झोळ येणार, हे दादांचं म्हणणं खरं होतं. बारीक पिठाचे इतरही त्रास आहेत. कण साडेचार पट लहान केला की तेवढ्याच वजनाचा पृष्ठभाग साधारण साडेचार पट वाढतो, म्हणजे जोडद्रव्य आणि वंगण दोन्ही जास्त लागतं, आणि हवेत उडणारी लाकडाची पूड ठिणगीने पेट घेऊ शकते. शेवटी ४० मेशमधून खाली पडणारं, पण ८० मेशवर अडकणारं पीठ ठेवायचं ठरलं. भरड परत दळणाला आणि अगदी पूड बाजूला. लाकूड ६० वरून ५० वर आणलं, म्हणजे आकारमानाने सुमारे ४० टक्के. त्यामुळे कणांची साखळी बरीच तुटली. लोखंडी ऑक्साइडचा रंग, अतिनील संरक्षक आणि बुरशीसाठी झिंक बोरेट घातलं. सँडिंग फक्त खालच्या बाजूला, वरची साय तशीच. कापलेली टोकं सीलंटने बंद. झोळाचा प्रश्न मालात सोडवण्याऐवजी सांगाड्यात सोडवला: दोन आधारांमध्ये तिसरी लोखंडी पट्टी. खर्च थोडा वाढला, पण ताठरपणासाठी भरड कण घालायची गरज उरली नाही.

वर प्लास्टिकचा वेगळा थर चढवून दुहेरी डायमधून फळी काढणं याहून चांगलं आहे, यात मला शंका नाही. त्या डायचे पैसे दादांकडे आज नाहीत. लाकडाऐवजी कपाशीची पऱ्हाटी वापरावी असंही त्यांच्या मनात आहे, जिल्ह्यात ती ढिगाने पडते. पण तिच्या मधला गाभा भुसभुशीत आणि पाणी शोषणारा असतो. तो वेगळा काढता येईपर्यंत मैदानातल्या बाकासाठी मी हो म्हणणार नाही.

जाळी आता रोज सकाळी काढून उजेडात धरून पाहतात. कोणती जाळी लावली, हे घाणीच्या नोंदीत आलं नाही तर माल बाहेर जात नाही.

शाळेत मैदानातल्या आणि टाकीजवळच्या सगळ्या भरड फळ्या बदलल्या. टोकं कापून टाकल्यावर त्यांचा मधला भाग अजून चांगला ताठ होता. दादा त्या भंगारात दळायला नेणार होते. आप्पांनी त्यातल्या अठरा मागून घेतल्या, खालची बाजू वर केली आणि वाचनालयातली मोडकी मांडणी त्यांनी भरली. तिथे ऊन नाही आणि पाणीही नाही. पुस्तकांच्या वजनाखाली त्या फळ्या अजून तसूभरही वाकलेल्या नाहीत.